टोरगुनच्या घरातली परकी बाई

गुडवेगला घाई करताना मी कधी पाहिलं नाही. नॉर्वेतल्या ओड्डा गावात आणि फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत घुसलेल्या खाडीच्या, दोन्ही काठांवर आजारी माणसांना बोलायला, वाचायला लागणारी यंत्रं ती एकोणीस वर्षं दुरुस्त करत होती. संगणक हट्टाला पेटला की ती त्याच्यासमोर कॉफी घेऊन बसायची आणि एकेक प्रोग्राम बंद करून पाहायची. "दोघांचं भांडण असलं की एकाला बाहेर काढायचं, मग खोडी कुणाची ते कळतं," म्हणायची. मी पहिल्यापासून तिच्याबरोबर, सामान उचलायला. धीर मला मुळीच नाही, त्यामुळे चिडायचं कामही माझ्याकडेच.

मे महिन्यात टोरगुनच्या घरून फोन आला. टोरगुनने वीस वर्षं या खोऱ्यात बस चालवली. मागच्या बाकावरची पोरं तिच्या नुसत्या आवाजाने सरळ व्हायची. मग स्नायूंचा आजार आला. हात गेले, जीभ गेली, डोळे तेवढे राहिले. जीभ जाण्याआधी तिने तीन आठवडे बसून आपला आवाज संगणकात भरून ठेवला होता. ती पडद्यावरच्या अक्षरांकडे बघे, कॅमेरा नजर टिपे, आणि खोलीत टोरगुनच बोले, आमच्या बोलीत, शिव्यांसकट.

दार तिच्या नवऱ्याने, आस्ब्यॉर्नने उघडलं.

"शनिवारी दुग्नाद होता," तो म्हणाला. दुग्नादला अख्खी इमारत मिळून जिने धुते, पालापाचोळा काढते आणि अंगणात वाफल खाते. जो येत नाही त्याचं नाव वर्षभर निघतं. "हिला सोडून खाली जाता येईना. म्हटलं, सगळे साफसफाई करतायत, आपण निदान घरातली तरी करू. संगणक केव्हाचा सांगत होता, नवी आवृत्ती घ्या. घेतली. जुनं जे होतं ते पुसून टाकलं."

"जुनं म्हणजे काय काय?" मी विचारलं.

"जुनं."

मी तोंड उघडणार तोच गुडवेगने माझ्या पायावर पाय दिला.

आत टोरगुनने अक्षरांवरून नजर फिरवली. "ही बया कोण आणली माझ्या घरात?" शब्द तिचे होते. आवाज ओस्लोच्या बातम्या वाचणाऱ्या बाईसारखा, इस्त्री केलेला.

मला हसू आलं. पुढचं ऐकलं आणि ते विरलं.

"येत्या शनिवारी इडुनचं लग्न आहे. आईने भाषण करायचं असतं. या बयेच्या तोंडून मी माझ्या पोरीशी बोलणार नाही. गप्प बसेन."

टोरगुनच्या आवाजाची एक प्रत गुडवेगने कचेरीत जपून ठेवली होती. पण नवी आवृत्ती तो आवाज घेईना. जुनी आवृत्ती परत घातली तर कॅमेरा नजर ओळखेना, कारण नव्या आवृत्तीने जाताजाता कॅमेऱ्याच्या आतलंही बदलून टाकलं होतं आणि ते मागे फिरत नव्हतं. तसला जुना कॅमेरा कुठे मिळेना. गुडवेग तीन दिवस एकेकाला बाहेर काढत बसली. शेवटी उरलं ते एवढंच: डोळे तरी, नाहीतर आवाज तरी. प्रोग्राम बनवणाऱ्या कंपनीच्या माणसाने फोनवर गोड शब्दांत सांगितलं, जुने आवाज आता चालणार नाहीत. मी फोन आपटला. गुडवेगने तो उचलून जागेवर ठेवला.

मग तिने अडगळीतला एक जुना संगणक आणला आणि त्यात जुनी आवृत्ती आणि टोरगुनचा आवाज घातला. टोरगुनने नव्यावर डोळ्यांनी भाषण लिहिलं, गुडवेगने ते पेनड्राइव्हवरून जुन्यावर नेलं. लग्नात आस्ब्यॉर्नने बटण दाबलं आणि टोरगुन बोलली. इडुन पाच वर्षांची असताना बसमध्ये तिकीट मागत फिरायची, ते सांगितलं. माणसं हसली, इडुन रडली.

मग ती आईच्या गळ्यात पडली. "आई, अजून बोल ना."

टोरगुनने डोळे मिटून घेतले. जुन्या संगणकात आणखी काही नव्हतं.

आमच्या कामाच्या कागदावर शेवटी एक चौकोन असतो, 'अडचण सुटली'. गुडवेगने तो कोरा ठेवला. साहेबांनी दोनदा विचारलं तरी कोराच ठेवला.

जूनमध्ये आम्ही पुन्हा गेलो. आस्ब्यॉर्न स्वयंपाकघरात कॉफी ओतत होता. पलीकडून तो इस्त्री केलेला आवाज आला, "फार गार झालंय." तो ओतत राहिला. "वारं आत येतंय," बाई म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा तेच.

"या हवामानवाल्यांना दुसरा धंदा नाही," आस्ब्यॉर्न म्हणाला. "तो रेडिओ बंद कर गं जरा."

गुडवेगने रेडिओकडे हात नेला आणि तसाच धरला. एकोणीस वर्षांत तिचा चेहरा मी असा पाहिला नव्हता.

"आस्ब्यॉर्न," ती म्हणाली, "बंदच आहे हा."

त्याने किटली खाली ठेवली आणि तो टोरगुनच्या खोलीतली खिडकी लावायला गेला.