शिळा सल्ला

आमच्या ह्यांचा धंदा वजनकाटे दुरुस्त करायचा. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान. काटा आला की हे त्याच्यावर पितळी वजन ठेवणार, उचलणार, परत ठेवणार, परत उचलणार. गिऱ्हाईक वैतागतं. "अहो, बरोबर दाखवतोय की!" ह्यांचं उत्तर ठरलेलं, "एकदा कुणीही बरोबर दाखवतो." असल्या माणसाशी संसार करणं म्हणजे काय, ते माझं मला ठाऊक!

माझे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. बालवाडीत जन्मभर लोकांची पोरं उचलली, त्याचं हे बक्षीस. निवृत्तीला जे पैसे मिळाले ते एकाच गुडघ्याच्या ऑपरेशनपुरते. आणि टीव्हीवर रोज सकाळी तो शेअरवाला यायचा. लाल टाय, तोंडभर हसू. एक दिवस म्हणाला, "ही औषधांची कंपनी डोळे मिटून घ्या, वर्षात दुप्पट." दुप्पट म्हणजे दोन्ही गुडघे! शेजारच्या शिंपीणबाईने त्याचंच ऐकून नवं मशीन घेतलं होतं, ते दिवसभर माझ्या कानाशी खडखडायचं.

ह्यांना सांगितलं. हे नाही म्हणाले नाहीत. नुसतं म्हणाले, "त्याचे मागच्या वर्षीचे कार्यक्रम लाव."

"शिळे?"

"सल्ला शिळा झाल्यावरच कळतं, मुरलाय की नासलाय."

मोबाइलवर सगळे पडलेलेच होते. तो ज्या ज्या शेअरचं नाव घेई, त्याचा आजचा भाव मी शोधायची. काही छान वर गेले होते. काही बुडाले होते. एक कंपनी तर पार बंद पडली होती, आणि तिच्याबद्दलही मेल्याने हसत हसत "डोळे मिटून घ्या" म्हटलं होतं! नव्या कार्यक्रमात मात्र वर गेलेल्यांचंच कौतुक, "मी सांगितलंच होतं." बुडालेल्यांचं नावसुद्धा नाही.

"मग तो म्हणेल त्याच्या उलट करू," मी म्हटलं.

"अगं, नेहमी तेवढंच कमी दाखवणारा काटाही चालतो. आलेल्या वजनात तेवढं मिळवलं की झालं. हा कधी जास्त, कधी कमी. ह्याच्यावर काय तोलणार?"

"आणि शिंपीणबाईचं मशीन?"

"तिच्या वेळी काटा बरोबर पडला."

पटलं. पटलं म्हणूनच माझं डोकं फिरलं. दुसरा गुडघा हातचा गेला होता ना!

"मग आता तुमचाही शिळा सल्ला काढू या," मी म्हटलं. "आधी काय म्हणालात? तेल लाव, उन्हाळ्यात मोकळे होतील. मग? इतक्यात कापाकापी कशाला, पुढच्या वर्षी बघू. गेल्या वर्षी? परत तेच. तो शेअरवाला निदान कधीतरी बरोबर येतो!"

ह्यांच्या हातात वजन होतं. ते खाली ठेवायचंही त्यांना सुचेना. ते तसंच धरून म्हणाले, "मला भीती वाटते गं. आत नेलं तुला, आणि परत आलीच नाहीस तर?"

मला रडूच आलं. इतकी वर्षं मी समजत होते, माणूस पैशाला जपतोय.

त्याच आठवड्यात आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टर बोलायला फार गोड. "आजी, काही काळजी करू नका, पळायला लागाल!" मी ह्यांच्याकडे बघितलं. हे खुर्चीत चुळबुळ करायला लागलेच.

"डॉक्टर, राग मानू नका. मागच्या वर्षी ज्यांचे गुडघे केलेत, त्यातलं कुणी भेटेल का? फक्त चांगले झालेले नकोत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टरांनी मात्र आम्हाला व्यायामाच्या खोलीत पाठवलं. तिथे एक बाई लाकडी पायऱ्या भराभर चढत होती. दुसरीच्या हातात अजून काठी होती. "पळणंबिळणं विसरा," ती म्हणाली, "पण बाजारात माझी मी जाते." ह्यांनी दोघींनाही विचारलं, आणि निघताना तेच परत विचारलं. दोघींनी तेच परत सांगितलं. तेव्हा कुठे ह्यांचे खांदे सैल झाले.

बाहेर आल्यावर म्हणाले, "एकच होईल गं पैशात. उजवा करू. कधीची तारीख घेऊ?"

"पुढच्या वर्षी बघू," मी म्हटलं.

बिचाऱ्यांचं तोंड एवढंसं झालं. मग मीच त्यांचा हात धरून, लंगडत लंगडत, त्यांना तारखेच्या खिडकीपाशी ओढत नेलं.