मसुदेकरांचा राजीनामा

त्यांचं खरं आडनाव पगारपत्रकात होतं आणि तिथेच राहिलं. पाणीपुरवठ्याच्या त्या ऑफिसात शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना मसुदेकर म्हणायचे, कारण ऑफिसातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पत्राचा मसुदा तेच लिहायचे. पाइप फुटला, मसुदेकर. गढूळ पाण्याची तक्रार आली, मसुदेकर. कुणाला बदली रद्द करून हवी असायची, कुणाला मोठी रजा. तोही येऊन टेबलाला टेकून उभा राहायचा आणि म्हणायचा, "तेवढं जरा शब्दांत बसवून द्या ना." मसुदेकर बसवून द्यायचे. साहेब आले, साहेब गेले, खालच्या सह्या बदलत राहिल्या. भाषा एकट्या मसुदेकरांची.

लोकांचे राजीनामेसुद्धा त्यांनीच लिहिले. त्यात त्यांचा हात असा बसला होता की एकीकडे चहा पिता पिता 'वैयक्तिक कारणास्तव' लिहून मोकळे व्हायचे. घोडं अडलं ते स्वतःच्या राजीनाम्यापाशी.

कारण घरी होतं. घरी मसुदेकर आणि त्यांची थोरली बहीण, दोघंच. आई गेली तेव्हा ते पाटी-पेन्सिलीच्या वयाचे होते, आणि ताईच्या कमरेला पदर खोचला गेला तो कायमचा. लग्न दोघांचंही राहून गेलं. तिचं ह्यांना वाढवण्यात, आणि ह्यांचं 'ताईला एकटी टाकून कसं' ह्या विचारात. आता ताईची नजर चालली होती. डॉक्टर सरळ म्हणाले होते, औषधाने वेग कमी होईल, थांबणार नाही. अजून तिला लख्ख उजेडात माणूस दिसायचा, चेहरा ओळखू यायचा. दिवा लावला तरी संध्याकाळ झाली की सगळं धुकं.

आणि मसुदेकर घरी असायचे ते अंधारातच. उजाडायच्या आत निघायचे, दिवेलागणीनंतर परतायचे. सुट्टीच्या दिवशीही तुंबलेला पत्रव्यवहार उपसायला जायचं. एकदा जेवताना ताई सहज म्हणाली, "बाळ, तुझे केस पिकले का रे? मला आपला तू काळ्या केसांचाच आठवतोस." मसुदेकरांचे केस पिकून गळायलाही लागले होते. त्या दिवशी ते ताटावरून लवकर उठले. दिसतंय तोवर तिने आपल्याला नीट पाहून घ्यावं, एवढंच त्यांना आता आयुष्याकडून हवं होतं. मोठं मागणं नव्हतं ते.

ते साहेबांकडे गेले. साहेब माणूस वाईट नव्हता, फक्त मान वर करायला त्याला वेळ नव्हता. मसुदेकर म्हणाले, "साहेब, नोकरी सोडावी म्हणतोय. घरी बहीण आहे, तिचे डोळे..." साहेब म्हणाले, "ऑडिट होऊ द्या." ऑडिट झालं, मसुदेकर पुन्हा गेले. "बजेट होऊ द्या." बजेटही झालं. तिसऱ्यांदा साहेब फोनवर हात ठेवून म्हणाले, "असं तोंडी नका सांगू. मसुदा आणा, बघू."

तेव्हा एके दुपारी, सगळे डबे उघडून बसले असताना, मसुदेकर कॉम्प्युटरसमोर बसले. सवयीप्रमाणे त्यांनी एक जुनं पत्र उघडलं, मधला मजकूर पुसला आणि लिहायला घेतलं. 'वैयक्तिक कारणास्तव' बोटांतून आपोआप उतरलं. त्याच्याकडे बघता बघता त्यांना राग आला. ताई म्हणजे काय कारणास्तव आहे होय? त्यांनी ते पुसलं आणि उभ्या नोकरीत लिहिलं नव्हतं असं लिहिलं: 'माझ्या थोरल्या बहिणीची दृष्टी जात आहे. आईच्या मागे तिनेच मला वाढवले. तिला दिसते आहे तोवर मला दिवसा घरी राहायचे आहे. शिवाय मी फार थकलो आहे. तरी मला सेवेतून मुक्त करावे.'

लिहून झाल्यावर त्यांना एकदम हलकं वाटलं, आणि लगेच इतका शीण आला की पुन्हा वाचायचंही त्राण उरलं नाही. कागद छापला आणि सहीच्या फोल्डरमध्ये बाकीच्या पत्रांबरोबर सरकवून दिला. साहेब बघतील, बोलावतील, असं त्यांना वाटलं.

आता झालं होतं असं, की जुन्या पत्राचा मधला भाग तेवढा पुसला गेला होता. वर 'प्रति, वरिष्ठ कार्यालय' तसंच होतं आणि खाली साहेबांचं नाव आणि हुद्दाही. साहेबांनी पानं उलटत नेहमीसारख्या सह्या ठोकल्या. जावक टेबलावरच्या बाईंनी सही बघितली, नंबर घातला आणि पाकीट बंद केलं. त्या ऑफिसात वाचायचं काम एकाच माणसाकडे होतं, आणि तो त्या दिवशी थकला होता.

मसुदेकर वाट बघत राहिले. साहेब काही बोलेनात. आपण इतकं मनातलं लिहिलं आणि ह्या माणसाला साधं 'हूं' करवत नाही, ह्याचं त्यांना वाईट वाटलं. पण बोलणार कुणाला? ते मूग गिळून पाइप फुटल्याची पत्रं लिहीत राहिले.

मग एका सकाळी वरिष्ठ कार्यालयातून फोन आला. साहेबांचा आवाज केबिनबाहेर ऐकू येत होता. "राजीनामा? मी? नाही हो सर! बहीण? मला बहीणच नाही! तिघे भाऊ आहोत आम्ही!" टेबलांवरच्या माना एकेक करून वर झाल्या. जावकच्या बाईंनी तोंडाला रुमाल लावला. मसुदेकरांना मात्र काय झालं असेल ते त्या क्षणी कळलं.

शिपाई बोलवायला आला. आत गेले तर साहेबांपुढे त्या पत्राची कार्यालय प्रत होती आणि चेहरा लालबुंद.

"मसुदेकर, हे तुम्ही लिहिलंत?"

"मीच लिहितो साहेब. सगळंच."

साहेब तोंड उघडणार होते, पण नजर कागदावर गेली आणि तिथेच राहिली. पहिल्यांदाच ते मसुदेकरांचं पत्र वाचत होते. वाचून झालं तरी वर बघेनात.

"आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं साहेब. तीनदा."

"मग मी काय म्हणालो?"

"मसुदा आणा म्हणालात."

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. मग एक कोरा कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, "हाताने लिहा. इथेच. खाली तुमचं नाव घाला म्हणजे झालं." मसुदेकरांनी तोच मजकूर लिहिला. सहीपाशी पेन थबकलं, कारण पत्राखाली स्वतःचं नाव त्यांनी कधी लिहिलंच नव्हतं. ते त्यांनी शाळेतल्या मुलासारखं, जपून लिहिलं. साहेब म्हणाले, "रजा किती साठलीय तुमची, कुणी मोजलीसुद्धा नसेल. आजपासूनच घ्या. निघा आता, मी बघतो पुढचं."

भर दुपारी मसुदेकर रस्त्यावर आले. ह्या वेळचा रस्ता त्यांनी कधी पाहिला नव्हता. दुकानांच्या फळ्या अर्ध्या लावलेल्या, सायकली भिंतींना टेकलेल्या, आणि ऊन तर असं की डोळे दिपावेत. किती चांगलं ऊन आहे, त्यांना वाटलं. ते धावले नाहीत, पण पाय उचलून चालले.

दार उघडंच होतं. ताई खिडकीशी बसून शेंगा सोलत होती. मसुदेकर उंबऱ्यात उभे राहिले आणि काहीच बोलले नाहीत, कारण आधी तिने बघावं असं त्यांना वाटत होतं. चाहूल लागून तिने मान वळवली. दाराकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"कोण पाहिजे?" ती म्हणाली. "भाऊ घरी नसतो ह्या वेळी. ऑफिसात असतो. संध्याकाळी या."

मसुदेकर उंबरा ओलांडून आत आले.

"ताई," ते म्हणाले, "मीच आहे."

"बाळ?" तिच्या हातातली शेंग खाली पडली. "ह्या वेळी? अरे, काय झालं?"

ती हसत होती आणि तोंड वर करून बघत होती, पण त्यांच्याकडे नाही, त्यांच्या शेजारच्या रिकाम्या भिंतीकडे.

मसुदेकर दोन पावलं सरकले आणि ती बघत होती तिथे जाऊन उभे राहिले.