चाफ्याची शेजारती

आमच्या काकू आपल्याच घराच्या बेसमेंटमध्ये कुजबुजत बोलायच्या. वर स्वयंपाकघरात त्यांचा आवाज अख्ख्या गल्लीला ऐकू जाई, पण तळघराची पायरी उतरली की ओठांवर बोट. "हळू गं. झोपलेत सगळे."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, खाली पाहुणे उतरले असतील. मी अमेरिकेतल्या श्रूजबरीत नवीनच आले होते आणि काकूंचा फोन आला होता, "शनिवारी शेजारतीला ये." परदेशात इतकं साग्रसंगीत कोण करतं, म्हणून मी भारावून सिल्कची साडी नेसून गेले. माझ्यासारख्याच नटलेल्या आणखी दोघी तिथे होत्या. काकूंनी आम्हाला चपला काढायला लावून खाली नेलं आणि दिवा लावला. समोर कुंड्यांची रांग, आणि प्रत्येक कुंडीत एकेक बोडकी काठी.

काकूंनी खरोखर शेजारती म्हटली. मग चिवडा आणि कॉफी. "देव कार्तिकात उठतो, तेव्हा माझा चाफा झोपतो," त्या म्हणाल्या. "कुणीतरी एक जागं हवं ना!" थंडी पडायच्या आत चाफा, जास्वंद सगळं घरात यायचं, चाफ्याची पानं गळायची आणि मग वसंतापर्यंत चाफ्याला पाण्याचा थेंबही नाही. त्यांचा अमेरिकेत वाढलेला मुलगा दरवर्षी म्हणे, "आई, इट्स डेड. थ्रो इट आउट." काकू काठीची साल नखाने जराशी खरवडून आतला हिरवा रंग त्याला दाखवत. "बघ, हिरवा आहे. तूही सकाळी असाच दिसतोस, तुला टाकलं का मी?"

त्यातली एक काठी काकांची. हवाईहून येताना काकांनी विमानतळावर प्लास्टिकच्या पिशवीतली, टोकाला मेण लावलेली चाफ्याची फांदी घेतली होती. "लोक बायकोला मोती आणतात. यांनी काय आणलं, तर काठी! म्हटलं, माझ्या म्हातारपणाची सोय केलीत वाटतं." हे सांगताना काकू स्वतःच इतक्या हसायच्या की पुढचं वाक्य आम्हाला जपून ऐकावं लागे. "फुलला तेव्हा बघायला हे नव्हते." मग लगेच, "चिवडा घे गं, संपवायचाय."

एका हिवाळ्यात माझी आई नागपूरहून आली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी तिला काकूंकडे नेलं. कोट खाली ठेवायचे होते, म्हणून आई बेसमेंटमध्ये गेली ती बराच वेळ वर येईना. आली ती पुण्यकर्म केल्याच्या चेहऱ्याने. "काय बाई, झाडं नुसती वाळून गेली तुमची! कोणी बघत नाही वाटतं. मी पाणी घालून आले. चांगलं पोटभर."

सगळ्या बायकांचे तिळगूळ तोंडातच राहिले.

काकूंनी हातातली कुंकवाची कोयरी खाली ठेवली. "ताई," त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "झोपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालत नाहीत हो. कोणाच्या घालतात, ते तुम्हाला माहीत आहे."

आईचा चेहरा पांढराफटक पडला. पुढच्या क्षणी दोघी काठापदराच्या साड्या खोचून खाली कुंड्यांतली झाडं उपटत होत्या. मी हेअर ड्रायरने मुळं वाळवली. बाकीची झाडं वाचली, पण काकांचा चाफा थोड्या दिवसांनी बुडाशी पिकलेल्या केळ्यासारखा मऊ लागायला लागला. काकूंनी भाजीची सुरी घेतली. कापला, आत तपकिरी. आणखी वर कापला, तरी तपकिरी. मला तर बघवेना. शेवटी पांढरा, स्वच्छ गाभा लागला आणि त्यावर चिकाचा एक थेंब आला. हातात वीतभर तुकडा उरला होता.

तो त्यांनी आईच्या हातात ठेवला. "तुम्ही पाजलंत, तुम्हीच निस्तरा."

आईने निस्तरलं. परत जाईपर्यंत तिने त्या तुकड्याला असं जपलं की त्याच्यासमोर स्वतःसुद्धा पाणी प्यायली नाही. मे महिन्यात त्याला पान फुटलं, तेव्हा काकू आमच्याकडे येऊन मोठ्याने काकड आरती म्हणून गेल्या आणि आईला म्हणाल्या, "आता पाजा, काय पाजायचं ते!" पुढे दोघींची इतकी गट्टी जमली की मी मध्ये बोलले तर दोघींना अडचण व्हायची.

नंतर काकू मुलाकडे फ्लोरिडाला गेल्या. चाफा न्या म्हटलं तर म्हणाल्या, "नको. तिकडे झाडं झोपतच नाहीत. बारा महिने फुलतात, बावळटासारखी. ह्याला झोपेची सवय आहे." दर ऑक्टोबरला त्यांचा फोन यायचा. हॅलो नाही, काही नाही. "निजवलंस का?"

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या मुलाचा फोन आला. काकू बरेच दिवस अंथरुणाला खिळून होत्या. त्या दिवशी डोळे मिटलेले, श्वास मंद. त्याला वाटलं, वेळ आली. देव्हाऱ्यातलं गंगाजल त्याने चमच्याने ओठांना लावलं. काकूंनी एक डोळा उघडला आणि मराठीत म्हणाल्या, "नुसती झोपलेय रे." मग पुन्हा डोळा मिटला, तो मिटलाच.

हे सांगताना तो हसत होता आणि रडत होता. मीही तेच करत होते. फोन ठेवून मी खाली आमच्या बेसमेंटमध्ये चाफ्यापाशी गेले. आईला व्हिडिओ कॉल लावला. तिला सगळं सांगितलं. मी नखाने चाफ्याची साल खरवडली आणि कॅमेरा जवळ नेला.

"हिरवा आहे," आई कुजबुजत म्हणाली. "आता दिवा मालव. झोपू दे त्यांना."