नव्वद टक्क्यांची मासळीवाली

चौलच्या नाक्यावर ती मासळी विकायची. आम्हा शिक्षकांना ऑनलाइन प्रशिक्षण सक्तीचं झालं, तेव्हा मी मोबाइल तिच्या टोपलीशेजारी ठेवून घरी झोपायला जाई. कोलंबी सोलता सोलता ती व्हिडिओ ऐके आणि कोरड्या करंगळीने ‘पुढे’ दाबी. परीक्षेत मी दोनदा नापास झालो. तिसऱ्यांदा तिने दिली आणि नव्वद टक्के पडले! शाळेने माझा सत्कार केला.

माझ्या खांद्यावरची शाल पाहून ती हसली. “गुरुजी, त्या व्हिडिओतली बाई सांगते, कुनालाच ढ म्हनायचं न्हाय. चौथीत मला तुम्हीच ढ म्हनून घरी बसवलंत की!”

ते प्रमाणपत्र तिचं आहे, हे आज कबूल करतो. त्यावर तिचं नाव लिहायला बसलो, तर ते आठवेना. आता विचारायला तोंड नाही.