मावशीचं कापलेलं उत्तर

माझ्यावर सगळ्यात मोठं ऋण माझ्या मावशीचं. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, आणि मला कोपरगावच्या कॉलेजात घातलं ते तिनं. ती स्वतः चौथी शिकलेली. शिर्डीत फुलांच्या दुकानावर हार ओवते. शब्दांची गोडी मला त्या दुकानातल्या रेडिओनं लावली.

तिथं रोज सकाळी एका वाहिनीवर शब्दकोडं लागायचं. ऐकणारे मोबाईलवर बोलून उत्तर पाठवायचे. मावशीची सोडवायची रीत ठरलेली. जितकी अक्षरं तितकी फुलं वेगळ्या दोऱ्यात ओवायची. सापडलेल्या अक्षराला झेंडू, न सापडलेल्याला पांढरी शेवंती. शेवटची शेवंती निघून झेंडू आला की उत्तर आलं.

यंदा दिवाळीला मी तिच्याजवळ बसलो होतो. कोडं आलं : पाच अक्षरं, पहिली दोन पक्ष्याला असतात, शेवटच्या दोनात मुलं खेळतात, सगळी मिळून घरामागं हिरवीगार.

"पर... बाग... मधलंच घावंना," मावशी पुटपुटली. मग मधली शेवंती ओढून म्हणाली, "परसबाग! आज मी पाठिवते बघ. आमचा भाचा ग्रॅज्युएट हाय, हे बी सांगू का?"

मोबाईल तोंडाशी धरून ती बोलली, "नमस्कार ताई. हाराच्या दुकानातनं बोलते. लई इचार केला. आधी पाच फुलं ओवली..." उत्तर तिनं अगदी शेवटी सांगितलं. शाळेत गणिताला रीत लिहिल्याशिवाय गुण मिळत नसत, ते तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

थोड्या वेळानं रेडिओवर तिचा आवाज लागला. 'लई इचार केला' एवढंच पुन्हा पुन्हा वाजवलं, मागं हशा लावलेला. "आजी, फुलं ओवा, कोडं राहू द्या!" निवेदिका म्हणाली. उत्तर कापून टाकलं होतं. मग तेच उत्तर दुसऱ्या कुणाचं तरी शुद्ध भाषेत ऐकवलं आणि त्याचं कौतुक केलं.

शेजारचा नारळवाला ओरडला, "काय ओ रेडिओवाल्या बाई, लई इचार केला का?" दुकानांची सगळी ओळ हसली. मावशीही हसली. "जाऊ दे रे, गंमत केली त्यांनी." पण तिनं हात लांब करून रेडिओ बंद केला.

मला शिसारी आली. ती निवेदिका आमच्याच भागातली असणार. 'ण' म्हणताना ती इतका जोर लावते की घरी 'पानी'च म्हणत असावी. आपल्या आईच्या तोंडची भाषा विकून हशा मिळवायचा, यापरता ओंगळपणा नाही. मी वाहिनीला तक्रार पाठवली. उत्तर आलं, 'मनोरंजन म्हणून घ्या', पुढं हसरा चेहरा. त्या चेहऱ्याची तर अजून किळस येते.

पुढं फोनवर कोड्याचं विचारलं की मावशी म्हणायची, "रेडिओचं सेल संपल्यात." तेव्हा मी तिला ठळक अक्षरात पत्र पाठवलं :

"मावशी, नमस्कार. सेल संपलेले नाहीत, मला ठाऊक आहे. तुझं उत्तर बरोबर होतं. त्यांनी ते कापलं, ही घाण त्यांची आहे, तुझी नाही. त्यांच्यासाठी रेडिओ लावू नकोस, पण कोडी सोडू नकोस. दर रविवारी फोनवर मी कोडं घालीन. आधी रीत सांग, मग उत्तर, आणि बोलतेस तसंच बोल. मी मधे तोडणार नाही. या रविवारचं अवघड आहे. शेवंती जास्त घेऊन बस."