पुंजाच्या घरातली लाकडं

पुंजाला मी एकूण दोन दिवस पाहिलं आणि नंतर एकदा त्याच्याशी फोनवर बोलले. त्या दोन दिवसांची माझ्या रोजनिशीत सहा पानं आहेत. त्यातली चार धबधबा, देऊळ आणि जेवण यांच्यावर गेली. पुंजाबद्दल लिहायचं ते इथे लिहिते आहे.

पेठ रस्त्याला एका पाड्याजवळ नवनाथ नावाच्या तरुणाचा तंबूंचा कॅम्प आहे. ऑगस्टमध्ये आम्ही शहरात कॉलेज रोडला राहणाऱ्या नऊ बायका तिथे गेलो, सगळ्या साठीच्या पुढच्या. पुंजा तिथला स्वयंपाकी आणि वाटाड्याही. साठीचा, काटक माणूस. पावसाळ्यात नागली लावायची, दिवाळीनंतर दिंडोरीकडे द्राक्षांच्या बागांत मजुरीला जायचं, यात त्याचं आयुष्य गेलं. बायको बायडा अंथरुणाला खिळली तेव्हापासून घराजवळचं म्हणून त्याने हे काम धरलं होतं.

दुपारी बाकीच्या धबधब्यावर गेल्या. माझे गुडघे तेवढं चढू देत नाहीत. त्यांना पोचवून पुंजा परत आला आणि मला चहाला घरी घेऊन गेला. बायडा खाटेवर पडून होती. डोळे उघडे, बोलणं बंद. खाटेमागे कमरेइतकी लाकडं रचलेली.

"एवढी चुलीला?" मी विचारलं.

"चुलीला नाय, बाई. हिच्यासाठी हायेत." त्याने आवाजही खाली आणला नाही. "आमच्या मसणात छप्पर नाय. पावसात माणूस गेलं तं जळत नाय. माझा बाप अर्धा ऱ्हायला व्हता. उन्हाळ्यात डॉक्टर बोलला, ही दिवाळी बघायची नाय. तवाच जमवली."

बायडाने मान आमच्याकडे वळवली.

"तिला ठाव हाय. बोलत व्हती तवा तीच बोलली, भिंतीपासून लांब रच, वाळवी लागंल."

मोहिनी परतल्यावर मी तिला हे सांगितलं. सहलीची सगळी जुळवाजुळव तिचीच होती. सांगण्याजोगी गोष्ट आहे म्हणून सांगितली, एवढंच.

सहाच्या सुमारास शेकोटी पेटवायची होती. कॅम्पवरची लाकडं नुसती धुमसत राहिली. नवनाथ म्हणाला, गॅसवर करू.

"गॅसवरचं भरीत मी घरी खाते रे," मोहिनी म्हणाली. "फोटोत शेकोटी दाखवलीस म्हणून आलो ना?"

"मावशी, पाच दिवस झड लागलीये. पाड्यात कोरडी काडी नाही."

"पुंजाकडे आहेत की! हिने पाहिलीत."

पुंजाने माझ्याकडे पाहिलं. मग तो नवनाथला म्हणाला, "शेठ, ती बायडाची हायेत."

"उद्या टेम्पो भरून आणून देतो, दुप्पट. आणि वहिनी काय आजच चालल्यात का?"

कुणीतरी हसलं. मी "राहू दे" म्हणाले. एकदाच, आणि खुर्चीतून न उठता. हे काम गेलं असतं तर बायडाला एकटी टाकून त्याला बागेत जावं लागलं असतं. नवनाथला ते बोलून दाखवावं लागलं नाही.

डोक्यावर प्लास्टिक घेऊन पुंजाने पहिल्या दोन खेपा आणल्या. लाकडं लगेच पेटली. ते पाहून पलीकडच्या तंबूंतल्या दोन कुटुंबांनीही शेकोटी मागितली आणि तो पुन्हा गेला. पुन्हा गेला. त्यानेच वांगी निखाऱ्यावर फिरवली, सोलली, भरीत केलं, आणि पहिलं ताट मला दिलं. मी जेवले. भरीत चांगलं झालं होतं.

टेम्पो गेला नाही. सुट्ट्या जोडून आल्या होत्या, कॅम्प भरलेला होता. मी नवनाथला दोनदा फोन केला. "काकू, उद्या नक्की." नवव्या दिवशी बायडा गेली. झड चालूच होती.

बातमी कळली तेव्हा मी पुंजाला फोन केला.

"टायर टाकले, बाई. दोन टायर आन् डिझेल. शेठनीच धाडलं. वर चौघांनी पत्रा धरला. तरी पाय ऱ्हायले. दुसऱ्या दिशी परत पेटवलं."

मी त्याची क्षमा मागितली.

"आता दसऱ्यानंतर माझी जमवनार," तो म्हणाला. "घरात नाय ठेवनार. आन् कुठं ठेवली ते कुनाला सांगनार नाय."