व्हर्लिनच्या हौद्यातली भोकं

व्हर्लिन स्टॉकार्डची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा मी त्याच्या पिकअपच्या हौद्यात खताचं एक पोतं टेकवत होतो. त्याने अशी आरोळी ठोकली की तीन तालुक्यांतली गुरं पाणी प्यायची थांबली आणि आमच्या चर्चवरची कबुतरं उडाली ती थेट टेक्ससमध्ये उतरली. "पोतं? माझ्या हौद्यात?" मी त्याच्या मुलीला अनवाणी मागणी घालायला आलो असतो, तरी तो इतका दुखावला नसता.

ओरखडा उठेल म्हणून त्या हौद्यात तो काहीच नेत नसे. बाजाराचं सामान बायको, ओलेटा, मांडीवर घेऊन बसायची.

ओलेटाची थोरली बहीण नेडीन ओरेगनच्या किनाऱ्यावर आजारी होती, आणि दुखणं बरं होणारं नव्हतं. ओलेटाला विमानाची भीती, गुडघ्यांमुळे गाडीत फार वेळ बसवत नाही. म्हणून वाटेत हवं तिथे थांबून तिला आडवं होता यावं, यासाठी व्हर्लिनने चाकांवरचं घरच घेतलं. फिफ्थ-व्हील ट्रेलर. त्याची मान थेट ट्रकच्या हौद्यात टेकते. ती पकडायला हौद्यात लोखंडी जबडा बसवायचा, आणि त्यासाठी तळाला भोकं पाडायची.

इथे सगळं अडलं.

ओक्लाहोमात कुणी असलं काम काढलं की शेजारी घडीच्या खुर्च्या घेऊन येतात, बर्फाचा चहा पितात आणि पान्याला हात न लावता सल्ले देतात. आम्ही मार्चमध्ये बसलो. व्हर्लिनने खडूने खुणा केल्या, मग पुसल्या. एप्रिलमध्ये पुन्हा बसलो.

"अरे, भोक पाडायचंय, किडनी नाही काढायची," समोरचा डब पिकेट म्हणाला.

"तू बोलू नकोस. तुझा ट्रक गंजाच्या आधाराने उभा आहे."

"पण जातो तरी कुठेतरी!"

ओलेटा दारात आली. "नेडीनचा फोन होता. विचारते, कुठवर आलात?"

"सांग, मागच्या चाकांपर्यंत आलोय."

सगळे हसलो. ओलेटाही हसली, जरा उशिरा.

मेअखेर एकदाची भोकं पडली. जबड्याच्या पट्ट्या खालच्या चासीला, म्हणजे ट्रकच्या सांगाड्याला, आवळल्या, जबडा बरोबर मागच्या आसावर बसला. चर्चच्या आवारात ट्रेलर जोडला, ओढून पाहिला, पक्का. मग व्हर्लिनने ऐटीत वळण घेतलं आणि ट्रेलरचा खांदा केबिनची मागची काच फोडून आत आला. हौदा आखूड होता. आखूड हौद्याला वळताना मागे सरकणारा जबडा लागतो, हे इतक्या खुर्च्यांपैकी एकीलाही सुचलं नव्हतं.

तसला जबडा मागवायचा म्हणजे उन्हाळा जाणार. डब म्हणाला, "माझा ट्रक ने. हौदा लांब आहे, जबडा आहे, गंज फुकट."

"माझ्या मेहुणीच्या दारात तुझं डबडं उभं करू?"

"ती ट्रक बघणार आहे का, गाढवा?"

ओलेटा डबच्या ट्रककडे बराच वेळ बघत राहिली.

नेडीन जुलैत गेली. सरकता जबडा ऑगस्टमध्ये आला आणि फार सुरेख बसला. सप्टेंबरात दोघं ओरेगनला पोहोचली. दफनभूमीच्या आवारात एवढा ट्रेलर वळवायला जागा नव्हती, म्हणून तो बाहेर रस्त्यावरच लावला.